एकच प्रिंट, दुसरी कॉपी नाही: इन्स्टॅक्स मिनी १२ नऊ दिवस वापरल्यावर

परवा पहाटे परत आले, बॅग अजून अर्धीच रिकामी केलीये, झोपेचं गणित जुळलेलं नाहीये, तरी लिहायला बसलेय कारण "निवांत लिहू" म्हटलेल्या गोष्टी माझ्याकडून कधीच लिहून होत नाहीत आणि ह्या वेळेला तसं होऊ द्यायचं नाहीये. रिव्ह्यू आहे फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स मिनी १२ चा, म्हणजे तो गुबगुबीत प्लास्टिकचा इन्स्टंट कॅमेरा, बटण दाबलं की वरून फोटो बाहेर येतो तो. पण मी तो घेतला एका ट्रिपसाठी आणि ती ट्रिप बाजूला काढून मला त्याच्याबद्दल काही धड सांगता येणार नाही, त्यामुळे दोन्ही एकत्रच वाचावं लागेल. ज्यांना फक्त कॅमेऱ्याची माहिती हवीये त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून खाली गेलं तरी चालेल.

तर माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिचा नवरा, तोही आमच्याच वर्गातला, ११ वर्षांपूर्वी परदेशात गेले. तेव्हापासून दरवर्षी ठरायचं की ह्या वर्षी मी त्यांच्याकडे जायचं आणि दरवर्षी काहीतरी निघायचं, कधी माझी रजा, कधी त्यांच्याकडे बाळ होणार होतं, २०२० मध्ये तर सगळ्या जगाचीच विमानं बंद झाली, आणि त्यानंतर "जरा सगळं मार्गी लागू दे मग येते" ह्यात आणखी काही वर्षं गेली. व्हिडिओ कॉल मात्र महिन्यातून दोनदा तरी व्हायचा. त्यामुळे होतं काय की भेटत नाहीये असं वाटतच नाही. तिचं घर मला पाठ आहे असंच मी धरून चालले होते, मागे फिकट हिरवी भिंत, भिंतीवर गोल घड्याळ, घड्याळाखाली स्टुलावर एक कुंडी, त्या कुंडीतलं झाड मोठं होताना मी पाहिलंय. आणि मग एकदा बोलता बोलता ती म्हणाली की अगं आम्ही हे घर सोडतोय, त्याची नोकरी दुसऱ्या शहरात लागलीये, महिन्याभरात शिफ्टिंग. आणि पुढे अगदी सहज म्हणाली, "तू येशील म्हणून वरची खोली रिकामी ठेवली होती ना, आता तिथे खोकी भरून ठेवतोय."

टोमणा नव्हता तो. ती टोमणे मारणारी नाहीच. पण कॉल संपल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले, एक खोली ११ वर्षं माझ्यासाठी ठेवलेली होती आणि मी ती पाहिलेलीसुद्धा नाही. तिकीट त्याच रात्री काढलं. व्हिसा आला, रजा मिळाली, आणि ज्या सगळ्या अडचणी इतकी वर्षं डोंगराएवढ्या वाटत होत्या त्या तीन आठवड्यांत सुटल्या, ह्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

कॅमेरा का घेतला ते सांगते. माझ्या फोनमध्ये १९,००० च्या वर फोटो आहेत. मागच्या एका ट्रिपचेच ८०० आहेत आणि त्यातले परत उघडून पाहिलेले १० सुद्धा नसतील. एकाच देखाव्याचे सात सात, त्यातला चांगला कुठला ते नंतर निवडू म्हणून ठेवलेले. मला ह्या वेळेला ते नको होतं. नऊ दिवस होते, घर जाणार होतं, आणि मला तिथे असताना तिथेच असायचं होतं. म्हणून असं काहीतरी शोधत होते की ज्याने फोटो तर निघतील पण माझा हात दर दोन मिनिटांनी खिशात जाणार नाही. हा कॅमेरा आणि १० फोटोंची दोन पॅक घेऊन गेले. नऊ दिवसांना २० फोटो, एवढंच.

आता वस्तूबद्दल. वजन सेल आणि फिल्म सोडून ३०६ ग्रॅम, पण आकाराने फुगलेला आहे त्यामुळे खिशात जात नाही, गळ्यात नाहीतर पर्समध्येच ठेवावा लागतो. दोन साधे एए सेल लागतात, चार्जिंगची भानगड नाही, एका जोडीत साधारण १०० फोटो निघतात. लेन्स फिरवली की कॅमेरा चालू, आणखी थोडी फिरवली की क्लोज-अप. सेटिंग म्हणाल तर एवढंच आहे. उजेड किती, शटर किती वेळ उघडं ठेवायचं, सगळं तो स्वतः ठरवतो. लेन्सच्या बाजूला छोटासा आरसा आहे, स्वतःचा फोटो काढताना त्यात बघायचं. पाच मिनिटं हात लावला नाही की आपोआप बंद होतो. नवीन पॅक घातलं की आधी एकदा बटण दाबून वरचं काळं कव्हर बाहेर काढायचं आणि मग मागच्या काउंटरवर १० दिसतात, आणि ते आकडे उलटे मोजले जातात, १०, ९, ८. हे उलटं मोजणं ह्या कॅमेऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं माझं मत झालंय, ते पुढे येईलच.

फोटो येतो तो ८६ बाय ५४ मिलिमीटरच्या कागदावर, म्हणजे आपल्या बँकेच्या कार्डाएवढा, त्यात प्रत्यक्ष चित्र ६२ बाय ४६. लहान आहे. ग्रुप फोटोत सहाच्या वर माणसं असतील तर चेहरे मुगाएवढे येतात. डोंगर, समुद्र, मोठ्या इमारती ह्यांच्यासाठी हा कॅमेरा घेऊ नका, ते सगळं कार्डाएवढ्या कागदावर काहीच वाटत नाही. हा माणसांचा कॅमेरा आहे, एक किंवा दोन माणसं, हाताच्या दीड हाताच्या अंतरावर, तिथे तो इतका छान काम करतो की बस.

फ्लॅश बंद करता येत नाही. घ्यायच्या आधी हे नक्की लक्षात घ्या. दर वेळेला उडतोच आणि त्याची पोच २.७ मीटरपर्यंत, त्यापलीकडे खोलीत अंधार असेल तर मागचं सगळं काळंच येतं. अंधारात शटर अर्ध्या सेकंदापर्यंत उघडं राहू शकतं, तेव्हा हात स्थिर पाहिजे. टायमर नाही, त्यामुळे सगळ्यांचा एकत्र फोटो हवा तर कोणीतरी बाहेर राहणार किंवा हात लांब करून काढायचा. आणि आपण बघतो ती खिडकी लेन्सच्या बाजूला आहे, त्यामुळे जवळून काढताना लेन्स क्लोज-अपवर फिरवली नाही तर आपल्याला दिसतं एक आणि येतं दुसरंच. मी पहिल्याच दिवशी ते विसरले आणि मैत्रिणीच्या मुलीचं अर्धं डोकं कापलं गेलं. चूक माझीच, पुस्तिकेत दिलेलं असतं. क्लोज-अपचं अंतर ३० ते ५० सेंटिमीटर, तेवढं पाठ करून टाका.

विमानाने नेणार असाल तर फिल्म चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, तिथली एक्स-रे मशीन जास्त ताकदीची असतात आणि फिल्म धुरकट होते. ही फिल्म आयएसओ ८०० ची आहे, म्हणजे प्रकाशाला चांगलीच संवेदनशील. हँडबॅगेसाठीसुद्धा हल्ली बऱ्याच ठिकाणी सीटी स्कॅनर आलेत, त्यातूनही घालू नये, हातात काढून ठेवायची आणि सिक्युरिटीला शांतपणे सांगायचं की फिल्म आहे, हाताने तपासा. मी पारदर्शक पिशवीत वेगळी ठेवली होती, जाताना ऐकलं त्यांनी, येताना दुसऱ्या एअरपोर्टवर रांग मोठी होती आणि मला बराच वेळ बाजूला उभं केलं पण शेवटी तपासली हाताने. थोडा वेळ हाताशी ठेवून जा. आणि कॅमेऱ्यात पॅक भरलेलं असेल तर कोणी मागितलं तरी मागचं झाकण उघडू द्यायचं नाही, उघडलं की फिल्म गेली.

एवढं झालं माहितीचं.

पोचल्यावर पहिल्या पाच दिवसांत मी फक्त तीन फोटो काढले. एक तो कापलेल्या डोक्याचा, एक एअरपोर्टवरून घरी आल्या आल्या दारात दोघांचा, आणि एक मुलीचाच परत. बाकी वेळ कॅमेरा गळ्यात होता आणि मी राखून ठेवत होते. पुढे काहीतरी खास होईल, सगळे जमलेले असतील, उजेड चांगला असेल, तेव्हा काढू. काउंटरवर ७ चा आकडा तसाच. म्हणजे ११ वर्षं जे भेटण्याच्या बाबतीत केलं तेच मी त्यांच्या घरात बसून फोटोच्या बाबतीत करत होते आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी मैत्रीण खोक्यांना चिकटपट्टी लावत बसली होती, तिने कॅमेरा उचलून मागचा आकडा पाहिला आणि म्हणाली, "सातच? अगं मग काढले किती तू?"

मी म्हटलं, "चांगल्या वेळेसाठी ठेवतेय गं."

ती पट्टी कापता कापता म्हणाली, "बघ हां, उद्या घड्याळ उतरवणारे. भिंतीला रंग द्यायला माणूस येणारे."

ती हिरवी भिंत. मी उठले आणि ज्या टेबलावर तिचा लॅपटॉप असायचा तिथे खुर्ची ओढून बसले, कॅमेरा लॅपटॉपच्या उंचीवर धरला, आणि कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं तर सगळं जसंच्या तसं, भिंत, घड्याळ, स्टूल, कुंडी. ११ वर्षं ह्याच चौकटीतून मी तिला पाहत होते. एक फोटो काढला. मग मागे वळले. आणि समोर केवढी मोठी खिडकी होती! जमिनीपासून छतापर्यंत काच, बाहेर एक जुनं झाड, त्याच्या फांद्या पार काचेला टेकलेल्या. म्हणजे आम्ही बोलायचो तेव्हा ती कायम त्या झाडाकडे बघत बोलायची. कधीकधी कॉलवर तिची नजर बाजूला जायची आणि मला वाटायचं हिचं लक्ष नाहीये, टीव्ही चालू असेल. झाडाकडे बघायची ती. पाच दिवस मी त्याच खोलीत ऊठबस करत होते, पण तिच्या जागेवर बसून समोर काय दिसतं ते बघायचं सुचलं नव्हतं. खिडकीचाही फोटो घेतला, तो फ्लॅशने वाया गेला, काचेत पांढरा गोळा आला नुसता. काच असेल तर तिरकं उभं राहून काढायचा, हे तेव्हा समजलं. फोटो गेला पण झाड डोळ्यांसमोर आहे.

त्यानंतर मी राखणं बंद केलं.

त्याच दुपारी तिच्या बाबांचा काढला. काका गेली चार वर्षं त्यांच्याकडेच असतात, आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. मी म्हटलं काका फोटो काढू का, तर नेहमीसारखं "काढ की, विचारायचं काय त्यात" म्हणाले, आणि मग कॅमेरा बघून विचारलं, "ह्याची निगेटिव्ह असते का गं?" मी सांगितलं की नाही काका, ह्यातून एकच प्रिंट येते, दुसरी कॉपी नाही. ते एकदम थांबले. "मग थांब जरा," म्हणाले आणि आत गेले. शर्ट बदलून आले, केस विंचरून आले, चष्मा पुसला, खुर्ची खिडकीशी सरकवून नीट बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. फोनवर त्यांचे शेकड्यांनी फोटो असतील, कुठल्याच फोटोसाठी ते उठले नसतील. आम्ही चौघंही तेव्हा आपोआप गप्प झालो. मी काढला.

फोटो बाहेर आला तेव्हा अर्थातच पांढराफटक होता आणि मुलगी तो हलवायला लागली, तर काकांनी तिचा हात धरला, "हलवायचा नाही, सपाट ठेव." आणि मग त्यांनी समजावून सांगितलं, मुलीला सांगत होते पण ऐकत आम्ही सगळेच होतो. खालची जी पांढरी पट्टी रुंद असते ना तिच्या आत रसायनाची पुडी असते, फोटो बाहेर येताना दोन रोलर्समधून दाबला जातो, पुडी फुटते आणि रसायन सगळीकडे सारखं पसरतं, म्हणजे अख्खी डार्करूम त्या कागदाच्या आत आहे. मग त्यांनी एडविन लँडची गोष्ट सांगितली, ज्याने पोलरॉइड काढला तो. १९४३ साली सुट्टीवर गेले असताना त्याने त्याच्या लहान मुलीचा फोटो काढला आणि ती म्हणाली, मला आत्ता का नाही दिसत? तेवढ्या प्रश्नावर तो माणूस कामाला लागला, १९४७ मध्ये त्याने ते शास्त्रज्ञांसमोर करून दाखवलं आणि १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनच्या एका दुकानात पहिला कॅमेरा विकायला ठेवला, पहिल्याच दिवशी सगळे संपले. तेव्हाच्या फोटोत कागद सोलून वेगळा करावा लागायचा, आत्तासारखा आपोआप उमटणारा आला तो १९७२ मध्ये. इन्स्टॅक्स मिनी १९९८ चा. ह्यातलं बरंचसं काकांना तोंडपाठ होतं, १९९८ चं मी नंतर शोधलं. मैत्रीण मला हळूच म्हणाली, चार वर्षांत बाबा इतकं सलग कधी बोलले नव्हते.

आणि तोवर फोटो उमटला होता. साधारण ९० सेकंद लागतात, थंडीत जास्त, खूप थंडी असेल तर कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. आधी नुसतंच दुधासारखं, मग गडद गोष्टी, चष्म्याची काडी, खुर्चीचा हात, मग शर्टाचा रंग, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. पाच जणांची डोकी एका कार्डाएवढ्या कागदावर वाकलेली, कोणाच्या हातात फोन नाही, कोणी कुठे जायला निघालेलं नाही. माझ्या दृष्टीने ह्या कॅमेऱ्याचे पैसे ह्या दीड मिनिटात वसूल होतात. फोनवर फोटो काढला की माणसं पांगतात, फार तर "मला पाठव" म्हणतात. इथे माणसं जवळ येतात आणि थांबतात, कारण चित्र अजून व्हायचंय. नऊ दिवसांत मी १४ फोटो काढले, म्हणजे सगळी मिळून जेमतेम २१ मिनिटं वाट बघितली असेल, पण आम्ही काय काय बोललो हे आठवायला गेलं की निम्म्या गोष्टी त्याच २१ मिनिटांतल्या निघतात.

परत आल्यावर मी जरा वाचलं, की हे माझ्याच मनाचे खेळ आहेत का ह्याला काही आधार आहे. लिंडा हेंकेल नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी म्युझियममध्ये लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला लावले आणि काही वस्तू नुसत्या बघायला लावल्या, तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या, पण एखाद्या भागावर झूम करून काढला असेल तर मात्र आठवण टिकली. हा पेपर २०१४ चा. नंतर २०१६ मध्ये डील, झाउबरमन आणि बाराश ह्यांनी उलट बाजू दाखवली, की फोटो काढणारे लोक त्या अनुभवात जास्त गुंततात आणि त्यांना मजाही जास्त येते. त्याच मंडळींच्या २०१७ च्या अभ्यासात मला पटेल असं सापडलं, आपण स्वतः निवडून फोटो काढतो तेव्हा बघितलेलं जास्त आठवतं आणि ऐकलेलं कमी. आणि २०१८ मध्ये त्यांनी हेही दाखवलं की दुसऱ्यांना दाखवायला म्हणून फोटो काढले तर मजा कमी होते, स्वतःसाठी काढले तर तसं होत नाही. हे सगळं मला ओळीने पटत गेलं. मित्रमैत्रिणींकडे आपण जातो ते मुळात ऐकायला जातो. ८०० फोटोंच्या ट्रिपमधलं कोण काय बोललं ते मला खरोखर एक वाक्य सांगता येत नाही. आणि ह्या कॅमेऱ्यातला फोटो पोस्ट करायचा तर आधी त्याचा फोनवर फोटो काढावा लागतो, एवढी खटपट मी केली नाही, त्यामुळे काढताना कोण बघेल हा विचारच डोक्यात आला नाही.

फिल्म महाग पडते हे खरंय. दर क्लिकला पैसे जातात आणि वाया गेला तर जीव तुटतो. पण तुम्ही हिशोब फोनशी करणार असाल तर कॅमेरा घेऊच नका, फोन प्रत्येक बाबतीत सरस आहे, रंग, धार, अंधार, सगळ्यात. इन्स्टॅक्सवर चेहरे थोडे पांढरट येतात, फार जवळ गेलात तर फ्लॅशने जास्तच. कागदाच्या कडेला नाव-तारीख लिहायची तर साधं पेन चालत नाही, शाई पसरते, परमनंट मार्कर बरोबर ठेवा. आणि आणखी एक, विचित्र वाटेल पण सांगते, कॅमेऱ्यातली एक तरी फिल्म घरातल्यांनी काढायची असा नियम करा, नाहीतर तुम्ही कुठल्याच फोटोत नसता.

मैत्रिणीच्या नवऱ्याने त्याच्या वाटची बाल्कनीत काढली. त्यांच्याकडे बाल्कनीत दोन वेताच्या खुर्च्या होत्या, घर घेतलं तेव्हा पाहुण्यांसाठी म्हणून आणलेल्या, आणि त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. कोणी आलं की काढू म्हणून राहिलं. पाहुणे येऊन गेले असतील इतक्या वर्षांत, पण प्रत्येक वेळी बाहेर गार होतं नाहीतर आतच बरं होतं. सातव्या दिवशी संध्याकाळी तो कात्री घेऊन आला आणि आम्हाला दोघींना म्हणाला, "बसा गं, नवीन घरात बाल्कनीच नाहीये." त्याने प्लास्टिक फाडलं, आम्ही बसलो, तो कठड्याला टेकून उभा राहिला आणि त्याने आमचा फोटो काढला, वाऱ्याने दोघींचे केस तोंडावर आलेले, चेहरा धड कोणाचाच दिसत नाही. परत काढू असं कोणी म्हणालं नाही. आम्ही तिथे पार अंधार पडेपर्यंत बसलो आणि तिने मला तिच्या पहिल्या वर्षाबद्दल सांगितलं, किती एकटं वाटायचं, किती वेळा सगळं सोडून परत यायचं मनात आलं. इतक्या व्हिडिओ कॉलमध्ये हे कधीच बोलली नव्हती. मी विचारलं का नाही सांगितलंस, तर म्हणाली, "फोनवर काय सांगणार होते, तू कायम कुठेतरी निघालेली असायचीस." खरं होतं. मी उत्तर दिलं नाही, तिचा हात हातात घेतला फक्त.

१४ पैकी दोन वाया गेले, नऊ मी त्यांच्याकडे ठेवून आले आणि तीन माझ्याकडे आहेत. ही वाटणी सोपी नव्हती, एकच प्रिंट असते म्हटल्यावर प्रत्येक फोटोला कोणीतरी सोडावं लागतं. काकांचा फोटो काकांनी स्वतःच्या पाकिटात ठेवला. भिंतीचा मी मागितला आणि तिने लगेच दिला. बाल्कनीतला दोघींना हवा होता, तिने पाठीमागे हात धरून "उजवा की डावा" केलं, कॉलेजात करायचो तसं, आणि तो तिला गेला. मी फोनवर त्याची कॉपी काढून घेऊ शकले असते. फोन हातात घेतलाही होता आणि परत ठेवला. मला तो फोटो बघायचा असेल तर तिच्याकडे जावं लागेल, आणि जावं लागणं हे मला हवंय.

शेवटच्या रात्री, दुसरं पॅक घातलेलं होतं, मी वरच्या खोलीत माझं अंथरूण आवरत होते, ती माझीच खोली, खोकी एका बाजूला सारून त्यांनी मला तिथेच गादी घालून दिली होती. चादरीची दोन टोकं हातात, तिसरं हनुवटीखाली धरलेलं, आणि दारातून फ्लॅश उडाला. मी म्हटलं अगं हे काय काढलंस, ती म्हणाली, "खोली वापरली त्याचा पुरावा." तो फोटो फ्रिजवर लावलाय तिने, शिफ्टिंगच्या दिवशी सगळ्यात शेवटी काढणार आहे म्हणाली.

तर कोणासाठी आहे हा कॅमेरा. ज्यांना उत्तम फोटो हवेत त्यांच्यासाठी नाही, ज्यांना खूप फोटो हवेत त्यांच्यासाठी तर मुळीच नाही. कोणाकडे तरी जाताय, मोजके दिवस आहेत, माणसं जवळची आहेत, त्यांच्यासाठी डोळे मिटून घ्या. आधी घरी एक पॅक वाया घालवून हात बसवा, क्लोज-अप आणि काच ह्या दोन गोष्टी तिथेच शिकून घ्या. पहिल्याच दिवशी निदान तीन फोटो काढून टाका, माझ्यासारखे पाच दिवस घालवू नका. आणि फोटो देऊन या. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा फ्लॅश बंद करता येत नाही म्हणून कापलाय.

दुसऱ्या पॅकमधले सहा शिल्लक घेऊन आले होते. पुढच्या ट्रिपला होतील म्हणून कॅमेरा कपाटात ठेवायला गेले आणि मग नाही ठेवला. काल संध्याकाळी आई खिडकीशी उभी राहून मावशीशी फोनवर बोलत होती, एक हात गजावर, कशावरून तरी मनापासून हसत होती. फ्लॅश उडाला तशी दचकली, फोन कानाला तसाच, "अगं सांगायचं तरी, केस बघ माझे," आणि मग माझ्या हातातला पांढरा कागद बघून मावशीला म्हणाली थांब गं जरा, आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघी बघत उभ्या होतो, मावशी लाइनवर विचारतेय काय झालं काय झालं. आता तो आईच्या फोनच्या कव्हरमध्ये मागे लावलाय. काउंटरवर ५ आहेत.